बोळक्या घोडीची पट्टी

फार मागे, राजांना कल्ले होते आणि घोड्यांना वाचा होती त्या काळी, एका उंच माळावर एक लहानसं राज्य होतं. घोडे बोलत आणि माणसं ऐकत नसत. पुढे घोड्यांनी कंटाळून बोलणं सोडलं. माणसांनी आपली सवय अजून सोडलेली नाही.

त्या राज्याकडे मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. जमीन मुरमाड होती. नदी नावापुरती होती. किल्ला होता, पण तो जिंकायला कोणी येत नसे, याचं राजाला मनातून वाईट वाटे. मिरवायची ती एक घोड्यांची पागा. तिथली शिंगरं लांबलांबचे लोक बघायला येत, आणि राजा त्यांच्यासमोर अशा चेहऱ्याने उभा राही, की जणू ती त्यानेच जन्माला घातली आहेत.

या पागेचा मुख्य होता हैबतराव. माणूस प्रामाणिक, कामाला चोख, पण पायाखाली निखारे पसरल्यासारखा. निम्मं जेवण तो उभ्याने करी. घरी चुलीवर भात ठेवला की तो शिजला का हे पाहायला इतक्या वेळा झाकण काढी, की त्या घरात धड शिजलेला भात कोणी खाल्ला नव्हता. बायको म्हणे, "अहो, त्या भाताला घटकाभर एकटं सोडा. लाजतो तो." पागेतले मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे नोकर, त्याला पाठीमागे 'वावटळ' म्हणत. समोर अर्थातच 'रावसाहेब' म्हणत, आणि तो येताना दिसला की जी घमेली रिकामी असतील ती उचलून इकडून तिकडे नेऊ लागत.

पागेत एकच जीव असा होता, की ज्याच्याजवळ हैबतराव स्वस्थ उभा राही. ती साळुंकी. सगळ्यांत म्हातारी घोडी, रंगाने राखी, तोंडाने बोळकी. पुढचे दात केव्हाच गेले होते, मागचे गेल्यातच जमा होते. लहानपणी हैबत तिच्याच पाठीवर बसायला शिकला, म्हणजे तिच्याच पाठीवरून पडायला शिकला. तो पडला की ती थांबे. पळून जात नसे, खिंकाळत नसे, तो रडून, कपडे झटकून, पुन्हा चढेपर्यंत नुसती उभी राही. इतकं थांबणारं दुसरं कोणी हैबतरावाला आयुष्यात भेटलं नाही.

एका वर्षी पावसाने ओढ दिली. कडब्याच्या गंजी लहान रचल्या गेल्या आणि शिमग्याच्या आतच संपत आल्या. नेमकं तेव्हाच राजाला मुलाच्या लग्नासाठी व्याह्यांच्या राज्यात जायचं होतं.

"लग्न, मग मांडवपरतणं, मग शिकार, मग रुसवेफुगवे," राजा म्हणाला. "डोंगरावर नवं गवत दिसेपर्यंत आमची काही सुटका नाही. हैबतराव, मागे राहिलेला प्रत्येक घोडा आम्हाला आल्यावर उभा दिसला पाहिजे."

"आणि नाही दिसला तर, महाराज?"

"तर तुम्हाला तळ्यातल्या बदकांवर नेमू. ती जागा बरेच दिवस मोकळी आहे."

दरबार हसला. हैबतराव हसला नाही, कारण त्याला हसायला उसंत नव्हती. तो मनाने पागेत पोचलासुद्धा होता.

पागेच्या खालच्या अंगाला एक झरा होता आणि झऱ्याच्या पाण्यावर भिजणारं एकच शेत. त्यात हैबतरावाने हिरव्या वैरणीसाठी बाजरी पेरून घेतली होती. मधून पाट गेलेला. पाटाच्या वर एक तुकडा, खाली एक तुकडा. खालच्या तुकड्यापलीकडे ओघळीच्या काठाने एक दगडाळ पट्टी होती. तिथेही पाटाचं सांडपाणी पोचे म्हणून उरलेलं बी मागाहून फेकलेलं होतं, पण ती कोणी हिशेबात धरत नसे. डोंगर हिरवे होईपर्यंत साऱ्या पागेचं पोट या शेतावर होतं.

आणि पागेला एक जुनी रीत होती. वैरण कमी पडली, की सगळ्यांत म्हातारं जनावर आधी फाटकाबाहेर काढायचं. ही रीत कोणी घातली ते ठाऊक नव्हतं. घालणारा तरुण असला पाहिजे. हैबतरावाला त्या उन्हाळ्यात चैन पडत नव्हतं त्याचं खरं कारण ही रीत होती. शेत हुकलं, तर फाटक उघडून साळुंकीला बाहेर हाकायचं काम त्याच्याच हाताला येणार होतं.

वरच्या तुकड्यातली बाजरी कमरेच्या वर गेली तसा तो कापणाऱ्या बायकांना घेऊन उतरला. बायका ओळीने बसल्या. प्रत्येकजणी डाव्या हाताची मूठ जमिनीवर टेकवी, त्याच मुठीत ताटांचा झुपका धरी, आणि विळा मुठीच्या वरून ओढी. खाली मुठीएवढे सड उभे राहत. हैबतराव ओळीच्या मागून फिरत होता. दुसऱ्या फेरीला ते त्याच्या डोळ्यांत भरलं.

त्याने त्यांच्यातल्या थोरलीला, धोंडूबाईला विचारलं, "मावशी, ही मूठ कसली?"

"डाव्या हाताची."

"ते दिसतंय. खाली एवढं का सोडता म्हणतो मी."

"सोडतात."

"कोण सोडतात?"

"सगळ्याच सोडतात. माझी सासू सोडायची. तिची सासू सोडायची."

"अगं, पण का?"

धोंडूबाईने विळा थांबवला. तिला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण म्हणाली, "बोटं शाबूत राहतात, दुसरं काय!" तिच्या पलीकडची म्हणाली, "धरणीचा घास असतो तो, तो मागू नये." टोकाची म्हणाली, "त्याच्याखाली वाकलं की माझी कंबर धरते, रावसाहेब."

हैबतरावाने शेताकडे नजर टाकली. मुठीच मुठी. शेतभर मुठी. त्याने मनातल्या मनात त्या सगळ्या गोळा केल्या, पेंढ्या बांधल्या, गंज रचली. गंज केवढी तरी झाली. बायकांच्या कमरेपायी आणि कुणाच्या सासूपायी पागेचं एवढं अन्न मातीला चिकटून राहायचं!

तो खाली बसला, जमिनीवर तळहात आडवा फिरवला आणि म्हणाला, "इथून कापा. विळ्याला माती लागली पाहिजे."

"रीत मोडते, रावसाहेब."

"रीत खाऊन घोडे जगत नाहीत."

"बरं तर," धोंडूबाई म्हणाली. "म्हणाल तर मुळंपण उपटून देऊ. धुऊन खातील."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि कामाला लागल्या. शेत हजामत केल्यासारखं झालं. त्या दिवशी पेंढ्या इतक्या निघाल्या, की मोतद्दारांना त्या ठेवायला जागा पुरेना. घोडे पोटभर खाऊन फुरफुरले. हैबतराव गव्हाणीगव्हाणीतून हिंडत राहिला. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाच्या ध्यानात कशी आली नाही, याचं त्याला नवल वाटत होतं. हे नवल ज्याला वाटतं त्याने त्याच वेळी सावध व्हावं. पण ते तेव्हा कोणी होत नाही.

साळुंकी आपल्या गव्हाणीतले कोवळे शेंडे हिरड्यांनी चघळत होती. ती म्हणाली, "हैबत, आज पेंढीला मातीचा वास आहे."

"असू दे. पेंढी मोठी आहे ना?"

"मोठी आहे," साळुंकी म्हणाली, आणि बुडख्याकडचं टणक ताट तिने बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवसापासून हैबतराव रोज सकाळी वरच्या तुकड्यात जाऊ लागला. मग रोज सकाळ-दुपार जाऊ लागला. बाजरी कापली की फुटते, हे त्याला ठाऊक होतं. पण ती फुटते त्या सडाच्या पेरातून, आणि सड तर पेंढीत बांधून गेले होते. जमिनीलगत कुठे एखादी पिवळी, दोऱ्यासारखी काडी वर येई. हैबतराव ती बोटाने हलवून बघे. रुजली आहे का म्हणून जरा ओढून बघे. मग ती हातात येई.

त्याने पाणी सोडलं. फुटलं नाही, म्हणून आणखी सोडलं. बुडखे कुजले आणि शेताला वास सुटला. त्याने शेणखत टाकवलं, उकरून बघितलं, पुन्हा टाकवलं. मोतद्दार म्हणू लागले, "वावटळ हल्ली एकाच शेतात फिरते."

मग भीती आली. आणि भ्यालेला उतावळा माणूस थांबू लागला, की भलत्याच ठिकाणी थांबतो.

"खालच्या तुकड्याला कोणी हात लावायचा नाही," त्याने हुकूम सोडला. "विळा घेऊन बांधावर दिसेल त्याला मी बघून घेईन. वाढू दे. जितका वाढेल तितका वाढू दे."

"आता कापायला झालाय तो," धोंडूबाई म्हणाली.

"मागच्या वेळी कापलं त्याचं काय झालं ते दिसतंय ना?"

"मागच्या वेळी कोणी कापायला लावलं तेपण दिसलं," ती म्हणाली. पण ती बांधापासून दूर झाली. तिला तरी कुठे खात्री होती? सासूने मूठ सोडायला सांगितली होती, पुढचं काही सांगितलं नव्हतं.

खालचा तुकडा वाढू लागला. छातीला लागला, डोक्यावर गेला. वाऱ्याने सळसळे. पागेच्या खिडक्या नेमक्या त्याच बाजूला होत्या. घोडे दिवसभर खिडक्यांतून ती हिरवळ बघत, आणि गव्हाणीत मात्र झाडांचा पाला आणि कुसळं. खुरांनी ते फरशी ठोकत. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ती ठोकठोक चाले, आणि तिच्या तालावर हैबतराव ओसरीवर येरझारा घाली. पाला संपत आला. घोड्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

एका दुपारी मोतद्दार येऊन उभे राहिले. नुसते साळुंकीच्या गव्हाणीकडे बघत राहिले. त्यांचंही चुकत नव्हतं. प्रत्येकाच्या हाताखाली एकेक तरुण जनावर उपाशी होतं.

हैबतराव उठला आणि साळुंकीच्या गळ्यातला दोर सोडला. फाटकापर्यंत दोघं शेजारी शेजारी चालत गेले.

"तू हळू चालतो आहेस," साळुंकी म्हणाली. "तुला बरं नाही का?"

"साळुंकी, पागेची रीत—"

"ठाऊक आहे. मी तरुण होते तेव्हा माझ्या शेजारची चंद्री अशीच गेली. त्या दिवशी मला तिच्या वाटणीची पेंढी मिळाली. गोड लागली होती." ती फाटकाशी थांबली. "तू आत जा, हैबत. तू इथे उभा राहिलास तर मी थांबेन. माझी खोड आहे ती."

हैबतराव आत गेला. त्याने फाटक लावलं. मग त्याने त्या दिवशी पागेतली सगळी घमेली स्वतः इकडून तिकडे नेली आणि परत जागच्या जागी ठेवली.

इकडे खालचा तुकडा निसवला. हातभर कणसं बाहेर पडली, त्यांच्यावर फुलोरा आला, दाणा भरू लागला. हैबतराव बांधावर उभा राहिला तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याला जरा अभिमान वाटला. कोणाला विळा लावू न दिल्यामुळे असं शेत उभं राहिलं होतं. आता त्याने विळे मागवले. या खेपेला तो म्हणाला, "मूठ सोडा. दोन मुठी सोडा."

बायकांनी विळे ओढले तर करकर आवाज येऊ लागला. ताटं कळकासारखी झाली होती. घोड्यांनी ती तोंडात घेतली, चावली, लाळ गाळली आणि थुंकली. एका दीडशहाण्या घोड्याने नुसती पानं ओरबाडून ताट परत हैबतरावाच्या अंगावर टाकलं. आणि शेतात दोन मुठींचे ते सड उभेच राहिले. पाणी दिलं, तरी फुटले नाहीत. बाजरीला जे करायचं होतं ते ती करून बसली होती. कणीस धरलं, दाणा भरला, संपलं. आता तिला पुन्हा वाढण्यात काही रस नव्हता.

कणसं तेवढी त्याने खुडून ठेवली. काही दाणे घोड्यांना भिजवून घातले, पण नुसत्या दाण्यांवर घोडं उभं राहत नाही. दोन घोडे उठेनासे झाले. एका दुपारी एक तांबडं शिंगरू मेलं. मोतद्दार त्याच्याभोवती बसून राहिले. त्या दिवशी हैबतरावाला कोणी 'रावसाहेब' म्हटलं नाही आणि 'वावटळ'ही म्हटलं नाही.

शिंगराला ओघळीपलीकडे नेऊन पुरायचं होतं. हैबतराव जागा बघायला एकटाच निघाला. त्याच्या मनात दुसरीच भीती होती. साळुंकीला हाकलून महिना उलटून गेला होता. ओघळीवर घारी फिरत होत्या. तिचं काय दिसेल, कुठे दिसेल, या विचाराने तो पाय आपटत, स्वतःशी बोलत, कधी नव्हे तो मान खाली घालून चालला होता.

"दगडाला ठेच लागेल," कोणीतरी म्हणालं.

त्याने वर पाहिलं. ओघळीकाठच्या पट्टीत साळुंकी उभी होती. हाडं वर आलेली होती, पण पोट खपाटीला गेलेलं नव्हतं. आणि तिच्या गुडघ्याच्या वर, दगडादगडांच्या मधून, दाट कोवळी बाजरी डुलत होती.

हैबतरावाच्या तोंडून निघालं ते भलतंच निघालं.

"ही बाजरी कोणी पेरली?"

"तूच. उरलेलं बी फेकलं होतंस. विसरलास."

"पण तू इथे इतके दिवस चरते आहेस! मग ही उभी कशी?"

"खाली बस," साळुंकी म्हणाली. "बसून बघ. उभ्याने तुला काही दिसत नाही."

हैबतराव बसला. तिने शेजारचा झुपका ओठांनी धरला, कोवळा शेंडा तेवढा खुडला आणि पुढे सरकली. खाली सड राहिले. त्यातल्या जुन्या कापाच्या खालच्या पेरातून फुटवे आले होते, एकाच्या जागी तीन-चार. त्याने नकळत डावी मूठ जमिनीवर टेकवली. घोडीने खुडलेली जागा मुठीच्या बरोबर वर होती.



मूठ तशीच मातीवर ठेवून तो म्हणाला, "तू हे कुठून शिकलीस?"

"शिकले? मी?" साळुंकी नाकातून हसली. "हैबत, मला दात नाहीत. खालचं ताट टणक असतं, ते मला तुटत नाही. तुटलं असतं तर मुळासकट खाल्लं असतं. मी काय तुझ्याहून शहाणी आहे?"

"आणि ही निसवली कशी नाही?"

"कणीस डोकावायच्या आत मी शेंडा खाते. कोवळा असतो. दुसरं मला चावत नाही."

"आणि एवढ्याशा पट्टीत तुला पुरलं कसं?"

"मला भरभर चालवत नाही. या टोकापासून त्या टोकाला जायला मला इतके दिवस लागतात, की परत येईतो हे टोक वाढलेलं असतं. पहिल्या दिवशी मीही तुझ्यासारखीच इथेच उभी राहणार होते, पुन्हा उगवतं का बघत. मग भूक लागली, म्हणून पुढे गेले." ती त्याच्याकडे वळली. "तुला काय झालंय? डोळ्यांत कचरा गेला का?"

"तांबडं शिंगरू गेलं," हैबतराव म्हणाला. "आणि तुला मी बाहेर काढलं."

तो रडून, चेहरा पुसून, कपडे झटकून उठेपर्यंत साळुंकी नुसती उभी राहिली.

मग तिने पट्टीतून आपला पाय बाहेर घेतला. "बोलाव त्या बायकांना," ती म्हणाली. "मात्र माझं टोक मला ठेव."

त्या दिवसापासून पट्टीचे लहान लहान वाफे पाडले गेले. एका दिवसाला एकच वाफा. कणीस ताटाच्या पोटात असतानाच, मुठीच्या वरून कापायचा, पाणी द्यायचं आणि पाठ फिरवायची. धोंडूबाईने विळा हातात घेतला आणि विचारलं, "मग रावसाहेब, ही मूठ कसली म्हणायची?"

"डाव्या हाताची, मावशी," हैबतराव म्हणाला.

खुडून ठेवलेल्या कणसांचे दाणे उरले होते. ते त्याने वरच्या नासलेल्या तुकड्यात नांगरून पेरले. आणि मग त्याच्या वाट्याला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम आलं: काही न करणं. कापलेल्या वाफ्याकडे त्याने बघायचं नाही, असं धोंडूबाईने फर्मान काढलं होतं, आणि तिच्या हातात विळा होता. हैबतराव ओसरीवर बसे. पाय हलत. हात पायांना धरून ठेवत. घोड्यांची ठोकठोक अजून चालू होती, कारण पट्टी लहान होती आणि पोटं मोठी. प्रत्येक ठोक्याला तो उठायला बघे आणि पुन्हा बसे. कधी अगदीच राहवेना, की साळुंकीच्या टोकाशी जाई, आणि ती चरत चरत सरकेल तितकंच आपण सरकायचं, असा नेम धरी. हा नेम त्याला घोड्यावर बसण्यापेक्षा कितीतरी कठीण गेला.

वाफे एका टोकाने संपत आले तोवर दुसऱ्या टोकाने भरले. मग वरचा तुकडाही कापणीला आला. उठेनासे झालेले दोन्ही घोडे उठले. कोणी लठ्ठ झालं नाही, पण आणखी कोणी आडवंही झालं नाही.

डोंगर हिरवे झाले आणि राजा परतला. व्याह्यांकडच्या पंगतींनी तो चांगला रुंद झाला होता. त्याने घोडे पाहिले, एक शिंगरू कमी भरलं, आणि त्याने हैबतरावाला दरबारात उभं केलं.

हैबतरावाने सगळं सांगितलं. मातीपर्यंत कापलं तेही, भिऊन राखत बसलो तेही, आणि बोळक्या घोडीने पागा कशी वाचवली तेही. काही लपवलं नाही.

राजाने डोळे मिटून ऐकलं. उघडले तेव्हा ते चमकत होते.

"म्हणजे दात नसलेल्या घोडीमुळे वैरण पुरली!"

"एका अर्थी तसंच, महाराज, पण—"

"मग सोपं आहे. साऱ्या पागेतल्या घोड्यांचे दात काढून टाका! वैरणीची कायमची चिंता मिटली."

राजाला गोष्ट कळली होती, बोध कळला नव्हता. राजांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे, आणि निम्मी गोष्ट कळलेला राजा अजिबात न कळलेल्यापेक्षा जास्त कामाला लागतो. खासगीकडचा एक मानकरी पुढे सरसावून म्हणाला, "वाहवा! काय सूक्ष्म दृष्टी! हे आधी कोणाला सुचलं कसं नाही!" दरबारात माना डोलू लागल्या.

पूर्वीचा हैबतराव असता तर तिथल्या तिथे ओरडला असता, पगडी आपटली असती आणि बदकांवर गेला असता. आताच्या हैबतरावाने श्वास घेतला, सोडला, आणि दरबारातल्या माना डोलायच्या थांबेपर्यंत थांबला.

"हुकूम शिरसावंद्य," तो शांतपणे म्हणाला. "फक्त घोडे किमती आहेत, महाराज. आधी कमी किमतीच्या तोंडावर करून बघावं. ज्यांना ही कल्पना इतकी पटली आहे, त्या मानकऱ्यांचे दात आधी काढू. कोठीतला खर्च खरोखर कमी झाला, तर मग घोड्यांचं बघू."

मानकऱ्याने तोंड मिटलं ते बराच वेळ उघडलं नाही. मग दरबारातल्या एकेकाला आठवू लागलं, की प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, त्याला अनेक बाजू आहेत. विषय पुढील विचारासाठी ठेवण्यात आला. तो अजून विचारातच आहे. तळ्यातल्या बदकांची जागा मात्र त्याच आठवड्यात भरली, आणि मानकरी तिथे सूक्ष्म दृष्टीने काम करतो असं म्हणतात.

म्हातारं जनावर बाहेर काढायची रीत हैबतरावाने मोडली. राजाने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "म्हातारपण सगळ्यांनाच येतं. ती रीत पुढे मलाही कधी लागू होईल ते सांगता येत नाही, महाराज." तेवढं राजाला पटलं.

पुढची कितीतरी वर्षं त्या शेतात बाजरी पेरली गेली, मुठीच्या वरून कापली गेली आणि पुन्हा फुटत राहिली. पहिल्या कापणीला हैबतराव स्वतः येई, ओळीच्या टोकाला बसे आणि डावी मूठ जमिनीवर टेकवी. नव्या कापणाऱ्या विचारत, "का सोडायचं एवढं?" तर तो कारण सांगे. ज्या रीतीचं कारण लोक विसरतात ती मोडायला एक हुशार माणूस पुरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ओघळीकाठच्या पट्टीला मात्र विळा लागत नसे. तिथे एक राखी घोडी या टोकाकडून त्या टोकाकडे जात असे, आणि घरी भात शिजेपर्यंत झाकण कोणी उचलत नसे.

तर लहानथोरांनो, बोध एवढाच: ज्याच्याकडून पुन्हा घ्यायचं आहे, त्याचं वेळेवर घ्यावं, मुळाशी मूठभर ठेवून घ्यावं, आणि ते पुन्हा वर येईपर्यंत आपला हात आवरावा.